म्हाताऱ्या उंदरांची चोरी

१

फेब्रुवारीतल्या एका सकाळी बोस्टनच्या ब्रॅमहॉल संशोधन संस्थेच्या प्राणीगृहातून म्हातारे उंदीर चोरीला गेले. चोरी विचित्र होतीच, पण त्याहून विचित्र म्हणजे त्या उंदरांना त्याच सकाळी मारून टाकायचं ठरलेलं होतं.

इरीनी वालास तळघरात पोहोचली तेव्हा तिच्या बुटांवरचा बर्फ अजून वितळला नव्हता. संस्थेत कोणी आकडे फिरवले, कोणी दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवलं, की चौकशी करायची ती इरीनीनं. तिला समोरून येताना पाहिलं की शास्त्रज्ञ जिना बदलत. साठी उलटलेली, ठेंगणी, लॉवेलच्या ग्रीक वस्तीत वाढलेली ही बाई आवाज कधी चढवत नसे. त्यामुळेच तिची जास्त भीती वाटे.

"ये बाई, बघ एकदा," प्राणीगृहाच्या प्रमुख टियर्नीबाई म्हणाल्या. "माझं डोकंच चालेनासं झालंय."

भिंतीशी पिंजऱ्यांच्या रांगा होत्या. निम्म्या पिंजऱ्यांत राखाडी, केस विरळ झालेले उंदीर कापसाच्या घरट्यांत अंग मुडपून झोपले होते. उरलेले निम्मे पिंजरे रिकामे. झाकणं मात्र नीट लावलेली, आणि रिकाम्या झालेल्या प्रत्येक पिंजऱ्यावर एकेक लाल चिठ्ठी लटकत होती.

"ह्या चिठ्ठ्या कसल्या?"

"संसर्गाच्या. कातडीचा रोग आलाय म्हणे. काल लॅथ्रॉपसाहेब स्वतः येऊन लावून गेले. आज सकाळी चिठ्ठीवाल्या सगळ्यांना झोपेचं औषध देऊन संपवायचं होतं. मी सामान घेऊन आले, तर पाखरं उडालेली!"

"कुलूप?"

"जागच्या जागी. ओरखडासुद्धा नाही. किल्ल्या तिघांकडे. माझ्याकडे, लॅथ्रॉपसाहेबांकडे आणि त्या आकडेवाल्या मिर्लांदकडे. थॉर्नक्विस्टनी त्यांची किल्ली चाचणी सुरू झाली त्या दिवशीच परत केली होती. 'माझी गोळी, म्हणून मी उंदरांजवळ फिरकायचं नाही,' असं स्वतःच म्हणाले."

ती गोळी म्हणजे व्हर्डेनॉल. म्हातारपण लांबवणारी म्हणून सगळ्या देशात गाजलेली. डॉक्टर एमरी थॉर्नक्विस्ट यांनी ती शोधली, तिची कंपनी काढली, टीव्हीवर तिचे गोडवे गायले. ती खरंच चालते का याची त्रयस्थ चाचणी याच उंदरांवर चालू होती. अर्ध्यांना गोळी, अर्ध्यांना नुसतं खाणं. कोणाला काय मिळतं ते गुपित. ते गुपित उद्या दुपारी भरल्या सभागृहात उघडायचं होतं. चाचणीच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे उद्या, किती उंदीर जिवंत आहेत त्यावर निकाल. मधेच मारलेला उंदीर मेलेल्यांत धरला जाणार होता.

इरीनी वाकून रिकाम्या पिंजऱ्यांत डोकावली. तळाचा लाकडाचा भुसा तसाच होता. पण घरटी नव्हती. उंदीर नेणाऱ्यानं त्यांची कापसाची घरटीही उचलून नेली होती.

"आणखी काही गेलंय?"

"हो ना. ते तर सांगायचंच राहिलं. फ्रीजमधला मऊ खाऊ! ज्यांचे दात वाकडे झालेत त्यांच्यासाठी मी लापशी भिजवून ठेवते. ती भांड्यासकट गायब."

इरीनी सरळ उभी राहिली. चोराला हे उंदीर नाहीसे करायचे असते, तर त्यांच्या जेवणाची काळजी त्यानं कशाला केली असती?

२

उपसंचालक वॉरन लॅथ्रॉप खिडकीशी उभे होते. खाली चार्ल्स नदी गोठून पांढरी पडली होती. संचालक सुट्टीवर असल्यामुळे सध्या संस्था त्यांच्याच हातात होती. सडपातळ, नेटके, आवाज मधाळ. रेडिओवर लोक तो आवाज ओळखत.

"सुरुवातीलाच सांगते," इरीनी म्हणाली, "मी स्वतः रोज व्हर्डेनॉल घेते. आईला विसरायला व्हायला लागलं तेव्हापासून. मी ही चौकशी करू नये असं वाटत असेल तर आत्ताच बोला."

"अहो, अर्धं बोस्टन घेतं ती! तुम्ही घेता म्हणून काय उंदीर पळवाल?" लॅथ्रॉप हसले. "बसा. मी थॉर्नक्विस्टचं नाव घ्यायला नको, पण तुम्हीच विचार करा. कंपनी त्यांची. उद्या निकाल. माणूस घाबरला असेल. आता गोळी न खाणारेच गेले म्हटल्यावर तुलना करायची कशाशी? झाली चाचणी बाद, वाचली कंपनी. मला वाईट वाटतं हो. मोठा माणूस, पण पैसा भल्याभल्यांना फिरवतो."

"संसर्ग कधी लक्षात आला?"

"परवा. खाजवत होते बिचारे. सगळ्या खोलीत पसरला असता, म्हणून मन घट्ट केलं."

इरीनीनं मान हलवली. हाच माणूस रेडिओवर म्हणाला होता, 'माझा या गोळीशी काडीचाही संबंध नाही, म्हणूनच माझं ऐका. ती चांगली आहे.' थॉर्नक्विस्टच्या बोलण्यावर तिनं कधी विश्वास ठेवला नव्हता. ज्याचा माल तो त्याची वाखाणणी करणारच. पण लॅथ्रॉपचं ते वाक्य ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी ती दुकानात जाऊन डबी घेऊन आली होती.

वरच्या मजल्यावर डॉक्टर मिर्लांद बॅप्टिस्ट रुमालात नाक खुपसून बसली होती. चाळिशीची, हैतीहून आलेल्या शिंपिणीची मुलगी, आकड्यांच्या बाबतीत वाघीण. कोणत्या पिंजऱ्याला गोळी मिळते ते गुपित एकटीला ठाऊक असलेली. उंदरांच्या अंगावरच्या कोंड्यानं तिचा घसा धरे, डोळे सुजत, म्हणून ती प्राणीगृहात पाऊल टाकत नसे. तिला हवी ती माहिती टियर्नीबाई फोनवर देत.

"सर्दी झालीय?"

"हवाच तशी आहे," मिर्लांद शिंकली. डोळे लालबुंद.

"तुझी किल्ली?"

तिनं खणातून काढून टेबलावर ठेवली. "इथंच असते."

"थॉर्नक्विस्टबद्दल काय वाटतं?"

इरीनीनं हा प्रश्न मुद्दाम विचारला होता. मिर्लांद आणि थॉर्नक्विस्ट यांचं हाडवैर साऱ्या संस्थेला माहीत होतं. भर सभेत तिनं त्यांना 'गोळीवाला बुवा' म्हटलं होतं. 'ज्याच्या खिशात कंपनी त्याच्या तोंडात विज्ञान शोभत नाही,' असं छापूनही आणलं होतं. आज तर तिला शिव्यांची लाखोली वाहायला रान मोकळं होतं.

मिर्लांदनं नाक पुसलं. खिडकीबाहेर पाहिलं. "मला काही बोलायचं नाही."

"तुला? थॉर्नक्विस्टबद्दल बोलायचं नाही?"

"उद्या दुपारनंतर विचारा."

एवढं बोलून ती इरीनीच्या नजरेला नजर न देता पुन्हा शिंकली.

३

आर्लिंग्टनमधलं थॉर्नक्विस्टचं घर थंडीसाठी कुप्रसिद्ध होतं. मिनेसोटातल्या स्वीडिश शेतकऱ्याचा हा मुलगा. कंपनी निघाली, नाव झालं, तरी घर तापवायला पैसे घालवणं त्यांना पाप वाटे. पाहुणे कोट घालून जेवत. त्यांची बायको होती तेव्हा ती विनोदानं म्हणायची, 'एमरीला म्हातारपण थांबवायचंय, म्हणून मला बर्फात ठेवतोय.'

दार उघडलं आणि उबेचा झोत इरीनीच्या तोंडावर आला.

"अगं, इरीनी! ये ये. कॉफी टाकतो." ताडासारखा उंच, पंचाहत्तरीला टेकलेला माणूस. पांढऱ्या भुवया, मोठाले हात. वेलदोड्याचा पाव त्यांनी तिच्यापुढे सरकवला. "आई कशी आहे?"

"मला कधी ओळखते, कधी नाही. डॉक्टर, उंदीर चोरीला गेलेत."

"ऐकलं."

"तुम्हाला आश्चर्य वाटलेलं दिसत नाही."

"या वयात आश्चर्य वाटायला वेळ लागतो." ते हसले, पण हात कपाभोवती घट्ट होते. कपाळावर घामाचे थेंब चमकत होते.

इरीनीनं कोट काढला. मग स्वेटरही काढला. "लोक म्हणतात निकाल तुमच्याविरुद्ध जाणार होता, म्हणून तुम्हीच काटा काढलात."

"लोकांचं काही चुकत नाही," थॉर्नक्विस्ट शांतपणे म्हणाले. "निकाल विरुद्ध गेला तर मी बुडालो. मी तुझ्या जागी असतो तर पहिला संशय माझ्यावरच घेतला असता. खुशाल घे."

"चोरी तुम्ही केली?"

म्हाताऱ्यानं पावाचा तुकडा मोडला, खाल्ला नाही. "तू मला खोटं बोलायला लावणार नाहीस, आणि मी तुला आत्ता खरं सांगणार नाही. उद्या सभेच्या आधी ये. वाटलं तर बेड्या घेऊन ये."

ती जिन्याकडे वळली. एवढा उंच माणूस चपळाईनं तिच्या वाटेत येऊन उभा राहिला.

"वर नको, इरीनी. मी हात जोडतो. आज वर नको."

४

गाडीत बसून तिनं काच पुसली, पण किल्ली फिरवली नाही. सगळं थॉर्नक्विस्टकडे बोट दाखवत होतं. मग तिच्या मनाला का पटत नव्हतं?

कारण त्या घरट्यांचा उलगडा होत नव्हता.

ती परत तळघरात गेली. टियर्नीबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. इरीनीनं एक भरलेला पिंजरा आणि एक रिकामा पिंजरा शेजारी शेजारी दिव्याच्या उजेडात धरला. आधी तिला काहीच दिसलं नाही. मग दिसलं, आणि इतका वेळ कसं दिसलं नाही याचं तिला नवल वाटलं.

भरलेल्या पिंजऱ्यातला भुसा पिवळसर होता. रिकाम्यातला पांढरा.

तिनं दुसरी जोडी उचलली. तिसरी. जिथं उंदीर उरले होते तिथं पिवळा, जिथून गेले होते तिथं पांढरा. एकही अपवाद नाही.

"टियर्नीबाई, व्हर्डेनॉलमध्ये जीवनसत्त्व असतं ना? ते घेतलं की..." ती थांबली. रोज सकाळी तिच्या स्वतःच्या न्हाणीघरात जे दिसायचं तेच तिच्यासमोर होतं.

"की लघवी पिवळीधमक होते," टियर्नीबाई म्हणाल्या. "म्हणजे गं? पांढऱ्या भुशावरचे सगळे..."

"गोळी न मिळालेले. जे गेले ते सगळेच्या सगळे गोळी न मिळालेले. आणि लाल चिठ्ठ्याही नेमक्या त्यांनाच."

कातडीचा रोग असा निवडून कसा येईल? शेजारच्या पिंजऱ्याला सोडून, पलीकडच्याला धरून, खोलीभर फिरून नेमके गोळी न खाणारेच गाठणारा रोग जगात नाही. चिठ्ठ्या लावणाऱ्यानं भुसा पाहून उंदीर निवडले होते. आज ते मारले असते तर निकालात काय दिसलं असतं? गोळी खाणारे जिवंत, न खाणारे सारे मेलेले. व्हर्डेनॉलचा जयजयकार!

आणि मग तिला ते वाक्य आठवलं. 'आता गोळी न खाणारेच गेले म्हटल्यावर...' तिनं तर लॅथ्रॉपना एवढंच विचारलं होतं, की संसर्ग कधी लक्षात आला. गेलेल्या उंदरांना गोळी मिळत नव्हती हे मिर्लांदशिवाय कोणालाच ठाऊक असायचं कारण नव्हतं.

मारणारा सापडला होता. पण चोरणारा वेगळा होता. ज्यानं घरटी नेली, लापशी नेली, तो उंदरांना मारायला नव्हे, वाचवायला आला होता. त्याच्याकडे किल्ली होती. किंवा किल्लीवालं माणूस त्याच्या बरोबर होतं.

मिर्लांदच्या लालबुंद डोळ्यांचा अर्थ आता तिला कळला. ती सर्दी नव्हतीच.

पण लॅथ्रॉपनी हे का करावं? त्यांचा तर गोळीशी काडीचाही संबंध नव्हता. ते तिला एकच माणूस सांगू शकत होता. तो दुपारी धक्क्यावरच्या खानावळीत शिंपल्यांचं सूप ओरपत बसला होता.

चेट डोब्रोव्स्की व्हर्डेनॉलची कंपनी चालवत असे. वूस्टरचा गडी, गळ्यात नॅपकिन, हसला की टेबल हले.

"उंदीर गेले म्हणे! मांजरांची चौकशी केलीत का?"

"मजा करा. तुम्हाला काय, वॉरन लॅथ्रॉप तुमच्याकडे येणार म्हटल्यावर तुमची काळजी मिटली." इरीनीनं बिस्किटं आपल्या सुपात चुरली. तिला काही माहीत नव्हतं. तिनं अंधारात खडा मारला होता.

चेटचा चमचा हवेतच राहिला. "त्यानं सांगितलं तुम्हाला? कमाल आहे! मला म्हणतो, उन्हाळ्यापर्यंत बायकोलासुद्धा सांगू नकोस."

"लपवण्यासारखं काय आहे त्यात?"

"तेच तर मी म्हणत होतो! एमरी म्हातारा झाला. त्यात परवा म्हणतो, निकाल वाईट आला तर गोळी बाजारातून काढा. अहो, कोण काढतं? आम्हाला विज्ञानप्रमुख हवा होता. वॉरन पहिल्यापासून आमचाच. रेडिओवर कोणाच्या सांगण्यावरून बोलत होता तो? फक्त आधी ही चाचणी नीट पार पडू दे, म्हणाला."

मग इरीनीचा चेहरा पाहून चेट हसायचा थांबला. नॅपकिन त्यानं हळूच गळ्यातून काढला.

"त्यानं तुम्हाला काही सांगितलेलं नव्हतं, होय ना?"

५

"कोट घाल," इरीनी मिर्लांदला म्हणाली. "आपण आर्लिंग्टनला जातोय. तुझा दम्याचा पंप बरोबर घे."

मिर्लांदनं काही न विचारता कोट घातला.

या वेळी थॉर्नक्विस्टनी दोघींना पाहिलं आणि जिन्यातून बाजूला झाले. वर त्यांच्या बायकोची शिवणखोली होती. खिडकीला जाड पडदे, कोपऱ्यात शेगडी, आणि शिवणाच्या मोठ्या टेबलावर मासे पाळायच्या काचेच्या पेट्या रांगेनं मांडलेल्या. प्रत्येक पेटीत जुनं कापसाचं घरटं, आणि घरट्यात म्हातारे उंदीर. एक टक्कल पडलेला उंदीर ताटलीतली लापशी पुढच्या पायांनी धरून चाटत होता. खाली ऊब कुठून येत होती ते आता कळलं. या खोलीसाठी म्हाताऱ्यानं सारं घर तापवलं होतं.

मिर्लांद दारातच थांबली, रुमाल नाकाशी धरून.

"कसं झालं ते सांगा," इरीनी म्हणाली.

"मी सांगते," मिर्लांद म्हणाली. "काल दुपारी लॅथ्रॉपनी मला फोन केला. अमुक अमुक पिंजरे आजारी, उद्या काढून टाकतोय, नोंद असू दे. ते आकडे वाचत होते आणि मी माझ्या यादीवर खुणा करत होते. सगळे बिनगोळीचे. एकही चुकला नाही. मला वाटलं, हे यांचंच काम." तिनं थॉर्नक्विस्टकडे बोट केलं. "मी तडक इथं आले. दारातच यांना नको नको ते बोलले. चोर म्हटलं, ढोंगी म्हटलं. शेजारी बाहेर आले."

"चांगलं बोलते," थॉर्नक्विस्ट म्हणाले. "मधे श्वास घेत नाही."

"आणि हे ऐकून घेत होते. शेवटी विचारलं, 'तुझं म्हणणं, न खाणारे अजून जिवंत आहेत? सगळे?' म्हटलं, हो, तुमच्या गोळी खाणाऱ्यांइतकेच. तुमची गोळी पाण्यात गेली. तर हे भिंतीला धरून बसलेच. मला वाटलं, हृदयाचं काही झालं. मग उठले आणि बूट घालायला लागले."

"कशासाठी?"

"मीही हेच विचारलं. म्हणाले, 'उंदीर थंडीत न्यायचे म्हणजे गाडी आधी तापवायला हवी.'"

खोलीत लापशी चाटल्याचा बारीक आवाज येत होता.

"तक्रार का नाही केली?" इरीनीनं विचारलं.

"कोणाकडे? संस्था लॅथ्रॉपच्या हातात. समिती बसेपर्यंत उंदीर राख झाले असते. मी दार उघडलं, पण आत जाऊन त्यांना हातात धरणं मला जमलं नसतं, घसाच बंद झाला असता. यांनी एकेक उंदीर उचलला, घरट्यासकट, तान्ह्या पोरासारखा. म्हणाले, म्हाताऱ्यांना जागा बदलली की भीती वाटते, निदान स्वतःचा वास तरी बरोबर असू दे. मी बाहेर उभी राहून शिंकत होते आणि..." तिनं पुन्हा रुमाल नाकाला लावला.

"माझ्याकडे का नाही आलीस? माझं कामच ते आहे."

मिर्लांदनं मान खाली घातली. "आले होते. तुमच्या दारापर्यंत. तुम्ही फोनवर होतात. टेबलावर व्हर्डेनॉलची डबी होती. मला वाटलं, यांनाही गोळी हवीच आहे. परत फिरले."

चौकशीच्या सुरुवातीलाच गोळीचं सांगून टाकलं म्हणजे आपण स्वच्छ झालो, अशी तिची समजूत होती. जिला सांगायला हवं होतं ती मात्र डबी पाहूनच दारातून परत गेली होती.

"डॉक्टर," ती थॉर्नक्विस्टना म्हणाली, "तुम्ही नुसतं घरात बसून राहिला असतात तरी चाललं असतं. लॅथ्रॉपनी तुमचं काम केलं असतं. तुमच्याकडे कोणी बोटही दाखवलं नसतं."

"हो," ते म्हणाले. "बूट घालताना एकदा मनात आलं ते. दुसरा बूट घालायला जरा वेळ लागला."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅथ्रॉपच्या खोलीत सगळे जमले. टियर्नीबाईंनी प्राण्यांच्या डॉक्टरला आर्लिंग्टनला नेऊन आणलं होतं. एकाही उंदराच्या कातडीवर रोगाचा मागमूस नव्हता.

इरीनीनं भुशाचे दोन पिंजरे टेबलावर ठेवले आणि काल घडलं ते सांगितलं. आवाज चढवला नाही.

लॅथ्रॉप शेवटपर्यंत शांत होते. "हितसंबंध थॉर्नक्विस्टचे आहेत," ते म्हणाले. "कंपनी त्यांची, उंदीर त्यांच्या घरात, आणि गुन्हेगार मी? वा!"

"त्यांचे हितसंबंध साऱ्या जगाला माहीत आहेत. प्रत्येक भाषणाच्या आधी ते स्वतः सांगतात. म्हणून आम्ही त्यांचं बोलणं चिमटीत धरून तपासतो. तुमचं कोणी तपासलं नाही, कारण तुम्ही म्हणालात, माझा काडीचा संबंध नाही. मीही नाही तपासलं. गोळी घेतली ती तुमच्या शब्दावर, वॉरन."

"मी चिठ्ठ्या लावल्या त्या आजारी दिसले म्हणून. योगायोगही असतात."

"एका नाणेफेकीचा असतो," मिर्लांद म्हणाली. "इतक्या पिंजऱ्यांचा नाही. आणि मग ते बिनगोळीचे हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी तर नाही."

लॅथ्रॉपनी तोंड उघडलं. दारात चेट डोब्रोव्स्की उभा होता, टोपी हातात घेऊन. इरीनीनं त्याला बोलावलं नव्हतं.

"मला खोटं खपवता येतं," चेट म्हणाला. "धंदाच आहे. पण उंदीर मारायचा बेत मला ठाऊक नव्हता, वॉरन. ते मी कोणालाही सांगायला तयार आहे."

लॅथ्रॉप खुर्चीत बसले. मग त्यांनी पिवळ्या भुशाचा पिंजरा हलकेच स्वतःपासून दूर ढकलला. दुपारच्या आत त्यांनी राजीनामा दिला.

"आता माझं," थॉर्नक्विस्ट म्हणाले. "प्राणीगृहात बिनपरवाना शिरलो. प्राणी घरी नेले. अहवालात सगळं घाल, इरीनी. 'चांगल्या हेतूनं' वगैरे शब्द घालू नकोस."

"तुमची उंदरांवर काम करायची परवानगी जाईल."

"जायलाच हवी."

तिनं सगळं घातलं. त्यांचं ऐकून 'चांगल्या हेतूनं' हे शब्द मात्र वगळले, आणि तो अहवाल लिहिताना एवढी एकच गोष्ट तिला जड गेली.

७

सभागृह ओसंडून वाहत होतं. बहुतेक डोकी पांढरी. वीतभर बर्फ तुडवत, काठ्या टेकत, चालायच्या गाड्या ढकलत लोक आले होते. कोणी थेट वरमाँटहून. मिर्लांदनं गुपित उघडलं, आकडे पडद्यावर लावले आणि समजावले. गोळी खाणारे आणि न खाणारे सारखेच जगले होते. फरक नव्हता. कुजबुज उठली आणि विरली.

मग थॉर्नक्विस्ट उठले. ते मंचाच्या कडेला आले, कागद नव्हता.

"ही गोळी मी शोधली," ते म्हणाले. "ती विकणारी कंपनी मी काढली. तिच्यातला मोठा हिस्सा माझा आहे. मी तुम्हाला दर वेळी हे सांगतो, आणि दर वेळी तुम्ही टाळ्या वाजवता. आज वाजवू नका. गोळी चालत नाही. सकाळी मी कंपनीला कळवलंय, ती विकणं बंद करा. ऐकलं नाही तर माझं नाव आणि माझा हिस्सा दोन्ही काढून घेईन."

मग पहिल्या रांगेतली एक म्हातारी काठीवर जोर देत उभी राहिली. डोक्यावर विणलेली निळी टोपी, आवाज खणखणीत.

"डॉक्टर, चार वर्षं मी ही गोळी घेतेय. तुमच्या तोंडाकडे बघून. म्हणजे तुम्ही माझ्याशी खोटं बोलत होता?"

थॉर्नक्विस्ट मंचावरून खाली उतरले. गुडघ्यांनी कुरकुर केली असावी, कारण ते कठड्याला धरून उतरले. तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"नाही, बाई. चुकत होतो. पण त्या चुकीचे मला पैसे मिळत होते. म्हणून ती दिसायला मला एवढा उशीर झाला."

म्हातारीनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ती त्यांच्या छातीपर्यंतही पोहोचत नव्हती.

"मग पुढच्या वेळी फुकट चुका करा," ती म्हणाली.

सभागृहात कोणीतरी फस्सकन हसलं. ती मिर्लांद होती, मंचावर, तोंडावर हात धरून. मग आणखी कोणी हसलं. काही जण उठून निघून गेले, रागानं, मागं न पाहता. त्यांचंही बरोबर होतं. पण बरेचसे जागेवरून उठून मधल्या वाटेत रांगेला लागले, कारण प्रत्येकाला काही ना काही विचारायचं होतं: दुसऱ्या गोळीबद्दल, नवऱ्याच्या विसरण्याबद्दल, उरलेल्या डब्यांबद्दल. थॉर्नक्विस्ट तिथंच पहिल्या रांगेपाशी उभे राहिले आणि वाकून एकेकाचं ऐकू लागले. ज्याचं उत्तर माहीत होतं ते देत होते. ज्याचं नव्हतं तिथं, "मला माहीत नाही," म्हणत होते. त्या दुपारी ते हे वाक्य पुष्कळदा म्हणाले, आणि इरीनीनं पाहिलं, की ते ऐकणारी माणसं निराश होऊन परतत नव्हती. उलट त्यांचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवत होती.

रांग लांब होती. इरीनी उठली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.